गुळाच्या वखारीचा नकार

मित्रांनो, मी एक जुनी वखार आहे, गुळाची. जुनी म्हणताना माझा आवाज पडत नाही, हे आधीच सांगून ठेवते. म्हातारी माणसं आपली कहाणी सांगायला बसली की कमरेला हात लावून आधी "आई गं" म्हणतात. मी तसलं काही करणार नाही. माझी कंबर काळ्या दगडाची आहे आणि अजून ताठ आहे. मला रडगाणं गायचं नाही, एका भांडणाची गोष्ट सांगायची आहे. त्या भांडणात मी एका बाजूची होते, तेव्हा माझ्याकडून पंचाच्या निवाड्याची अपेक्षा धरू नका.

राहू गावाकडून भीमा नदीकडं उतरणाऱ्या वाटेवर एक वाडी आहे, तिथं मी उभी आहे. चारी बाजूंनी ऊस. तो उंच झाला की त्याच्यावर फक्त माझी कौलं दिसतात. नवख्या माणसानं वाडीचा पत्ता विचारला तर लोक माझ्याकडंच बोट करतात.

माझा जन्म गरजेतून झाला. कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला, गुऱ्हाळं धडधडू लागली आणि गुळाच्या ढेपा ठेवायच्या कुठं हा प्रश्न पडला. गूळ मोठा लाडावलेला जिन्नस. पावसाळ्याची दमट हवा लागली की तो पाघळतो, आणि पाघळलेल्या गुळाला कोणी विचारत नाही. मग इथल्या बागायतदारांनी एकत्र येऊन संस्था काढली आणि मला बांधायला घेतलं. वडारांनी खाणीतून दगड फोडून घडवला. चुना मळायला बैलाची घाणी फिरत होती. तेव्हा चुन्यात हिरड्याचं पाणी आणि गूळ घालायची रीत होती, त्यानं चुना दगडाला घट्ट धरतो. गेणबा नावाच्या गुळव्यानं त्यासाठी आपल्या काहिलीतला गूळ दिला, तोही काळपट उरलेला नव्हे, पिवळाधमक.

लोक हसले. "भित्ताडाला गूळ चारतोस व्हय रं गेणबा?"

गेणबा म्हणाला, "जिनं जलमभर गूळ राखायचा, तिचं तोंड आदी ग्वाड करावं."

अशी मी गूळ खाऊनच मोठी झाले. पुढं मोठी दगडी कमान आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर एकेक कमळ, कारागिरांनी हौसेनं कोरलेलं. आत तीन खण. पहिल्या दोन खणांत माल उतरायचा, आणि सगळ्यात मागचा खण खास पावसाळ्यासाठी होता. त्याला नदीच्या बाजूला ठेंगणं दार आणि वर आढ्याजवळ झरोके. खालच्या दारातून गार वारा शिरतो, वरच्या झरोक्यांतून दमट हवा निघून जाते. जोतं माणसाच्या छातीएवढं उंच, त्यामुळं ओल वर चढत नाही. समोरून मी देखणी आहे खरी, पण माझी अक्कल मागच्या खणात आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढं पुष्कळ शिकलेली माणसं हे विसरली.

काय दिवस होते ते! बैलगाड्यांची रांग पार ओढ्यापर्यंत लागायची. भीमेपलीकडच्या वडगाव रासाईचे शेतकरी नावेतून ढेपा आणायचे, कारण त्यांच्याकडच्या कुडाच्या खोपटात गूळ टिकत नव्हता. एका वर्षी भीमेला मोठा पूर आला, आठवडाभर पावसाची झड लागली, आणि आसपासच्या गावांतला गूळ काकवी होऊन जमिनीवर वाहिला. माझ्यातली एक ढेप घामेजली नाही. केडगाव स्टेशनवरचे व्यापारी म्हणायचे, "त्या वखारीतला गूळ हाय ना? मग डोळं मिटून घ्या." मी कौतुकानं फुगले की नाही? फुगले. दगडाची असले म्हणून काय झालं?

आता कोणी मला "पुरातन" म्हणतं तेव्हा मात्र मला हसू येतं. तिकडं शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं मातीखाली तीन हजार वर्षांपूर्वीची घरं सापडली, आणि त्या लोकांनी धान्य साठवायला केलेली जागाही सापडली म्हणे. म्हणजे माझी खापरपणजीच ती. तिच्यापुढं मी कालची पोर आहे.

मग कारखाने आले. ऊस शेतातून थेट ट्रकमध्ये जाऊ लागला. जी गुऱ्हाळं राहिली त्यांचा गूळ रोजच्या रोज टेम्पोत बसून जाऊ लागला, त्याला माझी गरज उरली नाही. संस्था नावापुरती राहिली. माझ्या पोटात खताची पोती आली, निवडणुकीचे फाटके फलक आले, शेळ्या आल्या. पत्ते खेळणाऱ्यांनी माझ्या कोपऱ्यांत तंबाखू थुंकून नक्षी काढली. अशा वेळी वास्तूंनी दुःखी व्हावं अशी पुस्तकांत पद्धत आहे. मला दुःख नंतर झालं, आधी राग आला.

तो राग निवला चांगुणामुळं. चांगुणा फुलशेती करणाऱ्या घरातली बाई, बोलायला तिखट आणि हाताला गोड. तिनं वाडीतल्या बायकांचा बचत गट केला. गुळाची पावडर, सुंठ घातलेल्या गुळाच्या वड्या, बाटलीतली काकवी असा त्यांचा माल. पहिल्या वर्षी त्यांनी तो घराजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला. श्रावण लागला आणि पावडरीचा दगड झाला, वड्या एकमेकींना चिकटल्या, सगळ्या जणी रडकुंडीला आल्या. मग चांगुणानं संस्थेचे चेअरमन पोपटराव यांच्याकडून माझ्या मागच्या खणाची किल्ली मागून घेतली. शेळ्या हाकलल्या, जमीन शेणानं सारवली. त्या पावसाळ्यात वड्या कोरड्या ठणठणीत राहिल्या. तेव्हापासून तो खण म्हणजे त्या बायकांचं पोट आहे. तो गेला तर त्यांचं पावसाळ्यातलं काम बंद, आणि पावसाळ्यात बंद पडलेल्या धंद्याचं गिऱ्हाईक दिवाळीपर्यंत थांबत नाही.

आणि तोच खण सत्यजीतला नको होता.

सत्यजीत हा पोपटरावांचा पुतण्या. पुण्यात शिकला, तिथंच बांधकामाच्या धंद्यात पडला. मुलगा वाईट नाही. वाडीतल्या लग्नांत वाढायला उभा राहतो, म्हाताऱ्यांच्या पाया पडतो. पण त्याला मोकळी जागा दिसली की त्याच्या डोळ्यांपुढं मजले चढू लागतात, त्याला तो तरी काय करणार? माझी जागा आणि मागची पडीक जमीन मिळून तिथं मोठं संकुल बांधायचं त्यानं मनात घेतलं. आता मित्रांनो, सरकारचे काही नियम असतात. जुन्या वास्तू सरसकट पाडल्या जाऊ नयेत म्हणून त्यांची यादी करतात. जो बांधकामवाला अशी वास्तू जपेल, त्याला करात सूट मिळते आणि नेहमीपेक्षा जास्त बांधायची मुभा मिळते. नियम चांगला आहे. जपण्याला बक्षीस असावंच. पण सत्यजीतनं तो वाचला तो आपल्या सोयीनं. समोरची भिंत उभी ठेवली की वास्तू जपली, असा त्यानं अर्थ लावला आणि त्याच हिशेबानं सवलतीसाठी अर्जही करून टाकला.

माझ्या ओट्यावर संस्थेची बैठक भरली. सत्यजीतनं मोठा रंगीत फ्लेक्स उलगडला. त्यावर पुढं माझी कमान होती आणि माझ्या पाठीतून काचेचे मजले उगवले होते. मी स्वतःला ओळखलंच नाही.

"बघा काका," तो म्हणाला, "वखार जशीच्या तशी. मागं फक्त कॉम्प्लेक्स. बँक, दवाखाना, गाळे. हेरिटेज पण राहील आणि डेव्हलपमेंट पण होईल. वर टॅक्समध्ये सूट."

पोपटरावांनी चष्मा पुसला. "म्हंजी पाडायची न्हाई?"

"समोरचं काहीच पाडायचं नाही."

"आन् आमी बसतो त्यो खण?" चांगुणानं बायकांच्या घोळक्यातून विचारलं.

"मावशी, तुम्हाला वरच्या मजल्यावर गाळा देतो की. लिफ्ट असेल."

"आन् लाईट गेली तर गूळ मधीच लटकंल व्हय? काचंच्या खोलीत पावसाळ्यात त्यो पाघळंल त्याचं काय?"

"एसी लावू."

"एसीचं बिल तू भरणार का तुजं चुलतं?"

लोक खो खो हसले. सत्यजीतही हसला, पण फ्लेक्स त्यानं गुंडाळला नाही. पोपटराव कात्रीत सापडले होते. एकीकडं सख्ख्या भावाचा मुलगा, दुसरीकडं वाडीतल्या बाया. त्यांनी पुढाऱ्यासारखा मधला रस्ता काढला. "वखार तपासायला सरकारी समितीच्या मॅडम येणार हायेत. त्या बघून जाऊ द्या, मग ठरवू."

मला कोणी विचारलं नाही, पण माझं ठरलं होतं. नकार. माझं तोंड ठेवून पोट काढून घ्यायचं, आणि याला जपणं म्हणायचं? लोकांनी माझ्यासमोर उभं राहून फोटो काढायचे, "किती सुंदर जुनं बांधकाम" म्हणायचं आणि दारातून आत गेलं की बँकेची रांग? त्यापेक्षा मला सगळीच्या सगळी पाडा. माझे दगड कोणाच्या विहिरीला लावा, तिथं ते पाणी तरी धरतील. सोंग म्हणून उभं राहायला मी जन्मले नाही.

पण खरा घाव सत्यजीतकडून बसला नाही. तो बसला चांगुणाच्या हातून.

झालं असं, की तपासणीची बातमी ऐकून चांगुणा घाबरली. तिचं म्हणणं सरळ होतं. "मॅडमला वखार पडकी, कळकट दिसली तर त्या म्हणतील पाडा. नवीवानी दिसली तर हात लावायचं कुणाचं धाडस न्हाई." आपल्याकडं पाहुणे यायचे म्हटलं की आधी भिंती रंगवतात, लग्नघर तर रंगाच्या वासावरूनच ओळखू येतं. तिनं तेच केलं. बायकांकडून वर्गणी काढली आणि उत्तरेकडून गुऱ्हाळावर कामाला आलेला एक जण रंगकाम करायचा, त्याला बोलावलं. आधी माझ्या दगडांच्या सांध्यांत सिमेंट दाबलं. मग माझ्या काळ्या तोंडावर चकचकीत पोपटी ऑइल पेंट चढला. कमानीला सोनेरी काठ आणि दोन्ही कमळं गुलाबी!

मित्रांनो, दगड श्वास घेतो. आतली ओल तो हळूहळू बाहेर सोडतो. ऑइल पेंटनं माझं नाक-तोंडच दाबलं. मी ओरडले, पण वखारीचं ओरडणं कोणाला ऐकू जातं? मला चांगुणाचा राग आला का? खूप आला. आणि त्याच वेळी ती पदर खोचून शिडीवर चढली आणि कमळाच्या पाकळ्यांत उडालेला पोपटी ठिपका बोटानं पुसू लागली. तेव्हा मला तिची मायाही कळत होती. माया करणाऱ्याशी भांडणं फार अवघड जातं.

पुढचा भाग झाल्यावर रंगाऱ्यानं विचारलं, "भाभी, अंदर भी मार दूँ? डिब्बा बाकी है।"

"आत नको रं बाबा," चांगुणा म्हणाली, "गुळाला वास लागंल. गूळ लई हावरा असतो, शेजारचा वास वढून घेतो."

गूळवाल्यांची ही साधी खबरदारी. रॉकेलची चिमणीसुद्धा गुळाच्या खोलीत कोणी नेत नाही. रंगारी डबा उचलून निघून गेला.

ठरल्या दिवशी सत्यजीत आपल्या गाडीतून प्राची मॅडमना घेऊन आला. जुन्या वास्तूंची पाहणी करणाऱ्या समितीतल्या त्या वास्तुतज्ज्ञ. गाडीतून उतरता उतरता सत्यजीतची नजर माझ्यावर पडली आणि त्याचा पाय पायरीवरच राहिला.

"हे कुणी केलं?"

"मी," चांगुणा ओवाळणीचं ताट घेऊन पुढं आली. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता.

मॅडमनी कपाळावर कुंकू लावून घेतलं. मग कमानीपाशी गेल्या, नखानं रंग खरवडून पाहिला, सांध्यांतल्या सिमेंटवरून बोट फिरवलं.

"मॅडम, रंग निघतो," सत्यजीत घाईनं म्हणाला. "उद्याच ग्राइंडर लावतो."

"ग्राइंडर लावलात तर कमळंही जातील," मॅडम म्हणाल्या. "सत्यजीत, तुम्ही लिहिलंय की समोरचा भाग जपणार आणि बाकीचं काढणार. मुळात इतकंच जपणं मला पुरेसं वाटलं नव्हतं. आता तर त्या भागाचंही मूळ रूप राहिलेलं नाही. सवलत कशाच्या जोरावर द्यायची?"

सत्यजीतचा बेत तिथंच आडवा झाला. मला आनंद व्हायला हवा होता. पण चांगुणाकडं पाहिलं आणि तो जिरला. ती ताट घेऊन पायरीवर बसली होती.

"म्हंजी यादीत न्हाई जायची?" तिनं विचारलं. "म्हंजी माज्याच हातानं मी हिला घालवली?"

मॅडम वही मिटून गाडीकडं वळल्या. तेव्हा चांगुणा उठली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत.

"थांबा. व्हय, मी रंगवली. पावनं येणार म्हणल्यावर घर रंगवत्यात का न्हाई? आमाला कुणी सांगितलं न्हाई तुमाला काय बघायचं असतं ते. चुकलं आसंल. पर तुमी नुसतं तोंड बघून निघाला? तोंड बघून सोयरीक करता व्हय? आदी आत या."

अशी माझी बाई! मॅडम चपला काढून आत आल्या.

पहिले दोन खण ओलांडून त्या मागच्या खणात शिरल्या. तिथं बायका वड्या थापत होत्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत गारवा होता. मॅडमनी भिंतीला हात लावला. दगड तसाच, चुना तसाच, गेणबाच्या गुळासकट.

"इथं रंग का नाही दिला?"

"गुळाला वास लागतो."

मॅडमना हसू आवरेना. मग त्या पोत्यावर बसल्या आणि खण न्याहाळू लागल्या. चाळणीतून उडालेली गुळाची पिवळी धूळ ठेंगण्या दाराच्या वाऱ्यावर उचलली जात होती आणि वळत वळत वरच्या झरोक्यातून बाहेर पडत होती. मी माझं काम करत होते, नेहमीसारखं.

"जपायचं ते हे आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "ही वखार अजून चालू आहे. यादीत गेली तर सगळी जाईल, जोत्यापासून कौलापर्यंत. पुढचं तोंडही सावकाश साफ करता येईल. करातली सूट मिळेल, पण ती पुरी वखार जपेल त्याला. संस्थेनं जपली तर संस्थेला. मात्र मालक संस्था आहे. तुमची हरकत आली तर सुनावण्या लागतील आणि प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळेल."

सगळ्यांच्या माना पोपटरावांकडं वळल्या.

"काका, हरकत घ्या," सत्यजीत म्हणाला. "एकदा यादीत गेली की साधा खिळा ठोकायला पण परवानगी लागेल. जमीन अडकून पडेल. मी काय वाडीचं वाईट चिंतितोय का?"

तो खोटं बोलत नव्हता. पोपटराव खाली मान घालून उभे होते. चेअरमन असून ते या खणात कित्येक वर्षांत आले नव्हते, पुढच्या ओट्यावरच बैठका घेऊन घरी जात. त्यांनी वर झरोक्यांकडं पाहिलं, वड्या थापणाऱ्या हातांकडं पाहिलं.

"सत्या, तू म्हणतो त्ये खरंय," ते म्हणाले. "पर आजवर कुणाला न इचारता ठोकल्याल्या खिळ्यांनी हिचं काय भलं झालं रं? रस्त्याकडला संस्थेची दुसरी पडीक जमीन हाय, तितं बांध तुजं काय ते. हिला न्हाई हात लावायचा. मॅडम, आमची हरकत न्हाई."

सत्यजीत एकटाच गाडीत बसून निघून गेला. मॅडमना केडगावला सोडायला पोपटरावांना टेम्पो बोलवावा लागला. पुतण्या अजून त्यांच्याशी धड बोलत नाही, आणि दिवाळीला भाऊ आला नाही ही गोष्ट पोपटरावांना लागते. न्यायाच्या बाजूनं उभं राहिलं की सगळं गोड होतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. चांगुणाचीही कुरकुर चालू आहे. पावडरीचं यंत्र भिंतीला बसवायचं तर आता आधी विचारावं लागतं. ती म्हणते, "सासूपरीस ह्यो नियम कडक."

माझ्या तोंडावरचा पोपटी रंग बायका फावल्या वेळात काढतात. मॅडमनी दाखवल्याप्रमाणं ओला लेप थापायचा, तो रात्रभर ठेवायचा आणि बांबूच्या कामटीनं हळूच सोलायचं. बराचसा दगड मोकळा झाला आहे. डावीकडच्या कमळाचा गुलाबी मात्र दगडात खोल मुरला आहे, तो निघेलसं वाटत नाही. राहू दे. माझ्यावर प्रेम करणाऱ्यांनी केलेल्या चुकाही माझ्याच आयुष्यातल्या आहेत.

मित्रांनो, उद्या दुसरा कोणी फ्लेक्स घेऊन येईल, मला माहीत आहे. येऊ दे. तुमच्या गावातही माझी एखादी बहीण उभी असेल, चावडी असेल, धर्मशाळा असेल, जुनी शाळा असेल. तिला जपायचं मनात आलं तर रंगाचा डबा घेऊन धावू नका, जाणत्याला विचारा. तिचा फोटो काढून माघारी फिरू नका. दार ढकलून आत जा आणि तिला काम द्या. रिकामी वास्तू पाडायला कोणाचेही हात उचलतात. माझ्याकडं या हवं तर, पावसाळ्यात या. मागच्या दारानं या, तिथं बायका बसलेल्या असतात. त्या तुमच्या हातावर सुंठीची वडी ठेवतील, ती खा आणि मग सांगा, माझा कुठला भाग पाडायचा?